चौदा नंबरचा स्टॉल

"सॉसेजकडे बघू नकोस, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघ. चिमटा आपलं काम करतो," नवऱ्यानं, शशिकांतनं, स्टॉलवरच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो जाऊन काही वर्षं झाली, तरी चिमटा हातात आला की नीलांबरीला ते तसंच ऐकू यायचं. तिनं पाव उघडला, काउंटरपलीकडच्या दाढीवाल्याच्या डोळ्यांत बघून हसली आणि खाली न बघताच सॉसेज बरोबर पावात ठेवलं. आत बर्फावर गोल झाला असावा. भिंती थरथरल्या, दाढीवाला पैसे तसेच ठेवून पळाला.

हॅलस्टनच्या त्या आइस हॉकी स्टेडियममधला चौदा नंबरचा स्टॉल गणपती मंदिराकडे होता. तिथली रीतच तशी. शाळेची बँडपथकं, चर्चच्या बायका, असे लोक सामन्याच्या दिवशी विनामोबदला राबायचे आणि विक्रीतला वाटा त्यांच्या संस्थेला मिळायचा. चर्चच्या बायकांना हॉटडॉगचं काही वाटायचं नाही. मंदिरातल्या मंडळींना वाटायचं, पण सभामंडपाची फरशी आणि स्वयंपाकघराचं छप्पर त्याच हॉटडॉगमधून आलेलं, तेव्हा सगळे गप्प. नीलांबरी तेवढी एकदा विश्वस्तांच्या बैठकीत बोलून गेली होती, की देवाचं घर असल्या पैशावर उभं राहावं हे काही बरं नाही. बोलली, आणि पुढच्या सामन्याला स्वतःच ॲप्रन बांधून हजर झाली. उपास असला तरी यायची. घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायची, मग देवापाशी दिवा.

आज संकष्टी होती. स्टॉलशेजारच्या दारावर लोकांना जागा दाखवायला लॉरेन असे. सत्तरी उलटलेली, लाल ब्लेझर, नजर अधू झालेली, पण कुठली खुर्ची कुठे हे पाठ. संकष्टीला ती बाहेरच्या गच्चीवर डोकावून यायची.

"नीला, तुझा चंद्र आला. ढगामागे आहे, पण चालवून घे."

"दिसायला हवा गं."

"तुझा देव फार कडक आहे. आमचा एवढं बघत नाही."

दोघी हसल्या. नीलांबरीनं तिच्या कपात गरम पाणी ओतलं.

त्या हंगामात संघाच्या मालकानं जाहीर केलं, की शहरानं नवीन स्टेडियम बांधून द्यावं, नाहीतर 'हेरन्स' हा आपला संघ घेऊन मी दक्षिणेला चाललो. शहराची झोप उडाली. न्हावी, औषधवाला, बँकेतली मुलगी, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. दक्षिणेत बर्फ तरी पडतो का, असं लोक कडवटपणे विचारत आणि मग आवाज खाली आणून म्हणत, की देऊन टाका त्याला काय हवं ते. नगर परिषदेनं सुनावणी लावली. कुणीही यावं आणि दोन मिनिटं बोलावं.

मंदिराचा विश्वस्त अतुल आरतीनंतर सभामंडपातच तिच्यापाशी आला. आयटीतला चलाख मुलगा, कामाला वाघ, बोलायला गोड.

"काकू, आपल्या वतीनं तुम्हीच बोलायचं. मी लिहून देतो, तुम्ही फक्त वाचा."

"मला कुठे जमतंय रे तिथे."

"अहो, तुम्ही साडीत उभ्या राहिलात ना, अर्धं काम तिथेच झालं. वरून टीमचा टी-शर्ट घाला. इमेज एकदम मस्त जाते."

मंदिराचं काम. हातात प्रसाद, समोर देव. "वाचेन," असं ती म्हणाली. अतुलच्या दृष्टीनं तो होकार होता. तिच्या लेखी तो संकल्प झाला.

पुढच्या सामन्याला लॉरेन कप घ्यायला आली ती न हसता. स्टेडियमसाठी पैसे कुठून काढायचे ते बाहेर आलं होतं. इथून थोडे, तिथून थोडे, आणि फोन केला की दारात येणारी शहराची म्हाताऱ्या-आजाऱ्यांची बस बंद करून उरलेले. लॉरेनचा नवरा रे त्याच बसनं डायलिसिसला जायचा. लॉरेनच्या डोळ्यांमुळे तिचं गाडी चालवणं केव्हाच सुटलं होतं.

"संघ गेला तर माझी नोकरी जाते," ती कपावर फुंकर घालत म्हणाली, "आणि राहिला तर रेची बस जाते. मी कुणाच्या बाजूनं ओरडू ते तूच सांग."

नीलांबरीनं पाव रचायला घेतले. रचलेले उतरवले, पुन्हा रचले. त्याच संध्याकाळी तिनं अतुलला फोन करून बसचं विचारलं. त्यानं सांगितलं, की ते बघतील दुसरीकडून काहीतरी, गव्हर्न्मेंट आहे, आणि आता तुमचं नाव कॅन्सल केलं तर मंदिराचं फार वाईट दिसेल.

सुनावणीच्या दिवशी सभागृह निळ्या टी-शर्टांनी भरून गेलं होतं. बाहेरच्या व्हरांड्यात नव्या स्टेडियमची चित्रं उभी केलेली. काचेच्या भिंती, झाडं, हसरी माणसं. नीलांबरी चष्मा पुसून चित्राजवळ गेली आणि चौदा नंबर शोधू लागली. सापडेना. संघाकडून आलेल्या मुलीनं फार गोडीनं समजावलं, की नव्या इमारतीत सगळं खाणंपिणं एकच कंपनी बघणार, लोक आपलं आपण उचलतील, पैसे यंत्र घेईल. तुमच्यासारख्या संस्थांची नावं मात्र आम्ही एका भिंतीवर कोरणार आहोत.

अतुल मागेच उभा होता.

"तुला माहीत होतं?"

"सांगणारच होतो, काकू. मालक मंदिराच्या कळसासाठी देणगी देतोय. वन टाइम, पण मोठी." मग तो जरा हसला. "आणि तुम्हीच तर म्हणाला होतात, देवाचं घर असल्या पैशावर नको. मीटिंगमध्ये मी तुमचंच वाक्य सांगितलं. सगळे लगेच हो म्हणाले."

तिनं टी-शर्टखाली दबलेला पदर ओढून नीट केला. वाक्य तिचंच होतं.

नाव पुकारलं गेलं. माइकपुढे छोटा दिवा होता, वेळ असेतो हिरवा, संपला की लाल. नीलांबरीनं कागद वाचला. हेरन्स म्हणजे आमचं कुटुंब, या संघानं आम्हाला या शहरात आपलंसं केलं, नवं स्टेडियम आपल्या सर्वांचं घर असेल. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. देवासमोर हो म्हटलं होतं ते पुरं झालं.

दिवा अजून हिरवाच होता.

"वेळ आहे तुमच्याकडे," अध्यक्ष म्हणाले. "आणखी काही?"

तिनं मान वर केली. तिसऱ्या रांगेत स्टेडियमचे कर्मचारी आणून बसवले होते, आणि त्यांत निळ्या टी-शर्टातली लॉरेन होती. ती रागानं बघत नव्हती. तिकीट बरोबर असलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. शब्द दिला होता तो कागदापुरता, आणि कागद संपला होता. इथून पुढचं बोलायला कुठलंही व्रत आड येत नव्हतं. नीलांबरीचे ओठ हलले. मागे मंदिराची माणसं एका ओळीत बसली होती.

"नो," ती म्हणाली. "थँक यू."

टाळ्या पडल्या. लॉरेननंही वाजवल्या. तिला वाजवाव्याच लागणार होत्या.

बाहेर पार्किंगमध्ये लॉरेन बसची वाट बघत उभी होती.

"छान वाचलंस. कुठे अडखळली नाहीस."

"लॉरेन, बस बंद झाली तर रेला मी नेईन."

"पार्किंगमध्ये लोक बरंच काही बोलतात, नीला."

"हे मला कुणी लिहून दिलेलं नाही."

लॉरेननं तिच्या टी-शर्टावरचा हेरन्सचा बगळा बघितला आणि बस आली तशी चढून गेली.

ठराव झाला. स्टेडियम बांधायला आराखडे लागतात, कंत्राटं लागतात. बस बंद करायला काही लागत नाही, ती लगेच झाली. मालकानं हॅलस्टनचा ठराव खिशात घातला, दक्षिणेतल्या शहराला दाखवला, आणि त्यांनी त्यावर आणखी भर घातली तेव्हा तिकडे सही केली. हंगाम संपल्यावर संघ गेला. नावांची भिंतही गेली, कळसाची देणगीही. अतुलनं मंदिराच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, शेवटी हात जोडलेले. लॉरेननं लाल ब्लेझर धुऊन, इस्त्री करून परत केला. बसचे पैसे परत बसला द्यायचे तर त्याला म्हणे वेगळी सुनावणी लागणार होती, आणि ती लावायला कुणाला घाई नव्हती.

आज मंगळवार, आणि त्यात संकष्टी, म्हणजे अंगारकी. रात्रभर बर्फ पडला होता. नीलांबरीनं अंधारातच आंघोळ केली, दिवा लावला, अथर्वशीर्ष एकदाच म्हटलं. फोन वाजला.

"काकू, आज अभिषेकाला लवकर याल ना? तुमच्याशिवाय होत नाही," अतुल म्हणाला.

"आज सुमेधाला सांग."

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे."

अंगारकी कधी चुकवली नाहीत, असं काहीसं तो म्हणाला. ती हो म्हणाली आणि फोन ठेवला.

गॅरेजचं दार वर गेलं. तिनं मागच्या सीटवर जाड घोंगडी टाकली, रेची चाकाची खुर्ची मावेल एवढी जागा डिकीत रिकामी केली, बर्फ सारायचं फावडं बाजूला लावलं. डायलिसिसची वेळ लॉरेननं तेवढी कळवली होती. रेनं तिच्याशी काय बोलायचं ते बोलावं, नाहीतर बोलू नये. सुनावणीला तो नव्हता. लॉरेननं त्याला काय सांगितलं होतं, ते तिनं विचारलं नव्हतं.

बर्फात गाडी चालवण्याची तिला सवय नव्हती. दोन्ही हातांनी चाक धरून ती हळूहळू निघाली. मंदिराच्या वळणाशी आल्यावर हात सवयीनं इंडिकेटरकडे गेला. तो तिनं परत चाकावर ठेवला, आणि गाडी सरळ पुढे नेली.