बी साईडला तुटलेली तार

“सर, पेपर चालू असताना तुम्ही टेबलावर बोटं नाचवता, ते काय वाजवत असता?”

मी विचारून टाकलं! अख्खी नववी ब गार पडली. मागच्या बाकावर सुकन्या आणि माधुरी तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच होती. ससाणे सरांना हे विचारून दाखवलं तर दोन प्लेट भेळ. सर विज्ञान शिकवायचे आणि वर्षभरात एकदाही हसलेले नव्हते.

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि चक्क हसले. “गिटार. म्हणजे मला येत नाही. बोटांना वाटतं, येतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कॅसेट आणून दिली. “वृषाली, हा गिटारवाला एका बड्या बँडमधला. त्यांना स्टेडियम पुरत नाही. पण सुट्टी मिळाली की हा तीन दोस्त गोळा करतो आणि छोट्याशा हॉलात वाजवतो. त्यातल्याच एका कार्यक्रमाचं हे रेकॉर्डिंग. बड्या बँडमध्ये चुकायची धास्ती, इथं नुसती मजा. बी साईड नक्की ऐक. आणि टेप गुंतवू नकोस.”

चुकायची धास्ती! ती मला चांगलीच माहीत होती.

आमचे अण्णा मिलिटरीच्या वर्कशॉपात आहेत आणि भिंगारच्या गायन पार्टीत बॅन्जो वाजवतात. बॅन्जो म्हणजे लांबट पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. मला त्यांनीच शिकवला. गेल्या चौदा एप्रिलच्या जयंतीला एका गाण्यापुरतं मला स्टेजवर बसवलं होतं. तिसऱ्या कडव्याला माझं बोट भलत्याच बटणावर पडलं. पुढून कुणीतरी ओरडलं, “गाडी पंक्चर झाली वाटतं!” सगळे हसले. मी जी पळाले ती थेट मंडपामागं. तेव्हापासून मी कोरसमध्ये, टाळ्या वाजवायला.

शाळेतून आल्याआल्या कॅसेट लावली. आधी वाटलं, कुणी पत्र्यावर खडी ओततंय. तिसऱ्या गाण्याला माझा पाय आपोआप हलायला लागला. शब्द एक कळेल तर शपथ! मध्येच तो काहीतरी बोलला, हॉल हसला, म्हणून मीपण हसले.

मग बी साईड. दुसरं गाणं. गिटार पळतंय, वर वर चढतंय आणि टण्ण!

तार तुटली. हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. हॉल “ओऽऽ” झाला. आता हा पळणार!

तर तो हसला. माईकवर, खदाखदा! ड्रमवाला थांबलाच नाही. लोक त्या ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागले, मध्ये नवी तार पिळल्याचं टुंई टुंई ऐकू येत होतं. दोन मिनिटांनी त्यानं गाणं जिथं सुटलं होतं तिथंच बरोब्बर पकडलं. हॉल वेडा झाला. मी कॉटवर उड्या मारल्या.

रिवाइंड. पुन्हा टण्ण. पुन्हा उड्या. चौथ्यांदा ती मोकळी दोन मिनिटं आली आणि वाटलं, एवढा छान ठेका चाललाय, वाजवायला कुणीच नाही? खुंटीवरून बॅन्जो काढला आणि घुसले मध्ये. चुकले. तो ठेका काही थांबला नाही, मग मीपण थांबले नाही. पुढच्या खेपेला असं जमलं म्हणता, की त्याची तार जोडून झाली त्याचंच मला वाईट वाटलं!

मान वर केली तर दारात अण्णा, हातात डबा. मागं आमच्या पार्टीचे ढोलकीवाले रामहरीकाका.

“ढोलकी सोडली न्हाई गड्यानं,” काका टेपकडं बोट दाखवत म्हणाले. “लई शाना हाय!”

“आन ही बॅन्जो वाजवीत हुती का भांडत हुती?” अण्णांनी विचारलं.

“दोन्ही!” मी म्हणाले.

आतून आई आली. “परीक्षा तोंडावर आलीय अन् मघापासून तेच तेच लावलंय! शेजारच्या गोजरबाई विचारून गेल्या, तुमच्याकडं काय फुटलं म्हणून.”

अण्णा खाली बसून बुटाची नाडी सोडत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, “जयंतीच्या कोरसची नावं उद्या द्यायचीत. तुझं लिहू ना?”

“नका लिहू.”

त्यांचा हात नाडीवरच राहिला. आई माझ्याकडं बघायला लागली.

“अण्णा, आई, मी ठरवलंय. अभ्यास सकाळी करीन, पण चौदा एप्रिलला बॅन्जोवर मी बसणार. एका गाण्याला न्हाई, निम्म्या कार्यक्रमाला. चुकले तर तिथंच बसून हसणार आणि पुढं वाजवणार. रामहरीकाका, तुम्ही तेवढी ढोलकी सोडायची न्हाई!”