एक बाक कमी पडला

मित्रांनो, आधी फायद्याचे बोलू. त्या दुपारी आमच्या प्रभागाच्या अध्यक्षांच्या पदरात काय पडणार होते, ते ऐका. दवाखान्याची जागा रिकामी झाली की तिथे रस्त्याकडे तोंड करून दुकानगाळे निघणार होते. त्यातला कोपऱ्यावरचा गाळा मेहुण्याला. मेहुणा गाळ्यात बसला की अध्यक्षांच्या घरातल्या सोफ्यावरून उठणार. तो सोफ्यावरून उठला की बायकोची कटकट थांबणार, आणि अध्यक्षांना संध्याकाळचा चहा पुन्हा गरम मिळणार. एका ठरावात एवढे मिळत असेल तर माणूस काय करणार नाही? पण ते त्यांनी ज्या तऱ्हेने केले, त्याने मी आजही सुन्न आहे. लाकूड असून सुन्न आहे, म्हणजे बघा.

मी एक जुना बाक आहे. मी ना सागवानी, ना शिसवी. एका पाडलेल्या कचेरीच्या दारांच्या फळ्या सुताराने जोडल्या आणि मला उभे केले. दार होतो तेव्हा लोकांना अडवत होतो, बाक झालो आणि लोकांना टेकू देऊ लागलो. अशी बढती कचेरीतल्या कोणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही. माझ्या डाव्या टोकाला अजून त्या दाराच्या कुलपाचे भोक आहे. मुले त्यात बोट घालत आणि मग बोट निघत नाही म्हणून भोकाड पसरत.

माझा मुक्काम प्रभागाच्या इमारतीत. खाली दवाखाना, वर सभागृह. रोज मी दवाखान्याच्या पडवीत रुग्णांना बसवून घेई, आणि सभेच्या दिवशी वर खुर्च्या कमी पडत म्हणून दोघे जण मला उचलून जिना चढत. दोन नोकऱ्या आणि पगार एकाही नोकरीचा नाही.

दवाखाना म्हणजे आमच्या सिस्टर. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत आणि घड्याळ बघत परत जात. बाकी सुई, पट्टी, ताप, धीर आणि दटावणी, सगळे सिस्टरकडे. रोज सकाळी त्या ओल्या फडक्याने मला पुसत. माझ्या भोकात त्यांनीच कापसाचा बोळा ठासून बसवला. "आता बोटं आपापल्या नाकात घाला," असे मुलांना सांगितले.

सिस्टरना सभेचेही वेड होते. माझे डावे टोक त्यांचे ठरलेले. कुठलाही ठराव वाचून झाला की त्या म्हणत, "जरा पुन्हा वाचा." चिटणीस कपाळाला हात लावत. लोक हसत. चहा लांबला म्हणून कुरकुरत. सिस्टर ढिम्म. "कशासाठी उभं राहायचं ते कळल्याशिवाय मी उठत नाही बाई."

हे उठण्याचे प्रकरण तुम्हाला सांगायला हवे. आमच्या प्रभागात पूर्वी हात वर करून मत घेत. पण काही जण दोन्ही हात वर करत, काही डुलकी लागलेल्या शेजाऱ्याचाही हात वर करत, आणि एक गृहस्थ तर डोके खाजवता खाजवता गटाराच्या कामाला मंजुरी देऊन बसले. मग ठरले, मान्य असेल त्याने उभे राहायचे, नसेल त्याने बसून राहायचे. एक माणूस दोनदा उभा राहू शकत नाही. रीत चोख होती. तिला एकच भोक होते, माझ्यासारखेच, आणि ते कोणाला दिसले नाही. कारण त्या जागेवर सिस्टर बसलेल्या असत.

सिस्टरच्या रुग्णांत एक होते निवृत्त कंडक्टर. सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत. त्यांच्या तळपायाला साखरेच्या आजाराची जखम होती. एक दिवसाआड सून त्यांना धरून आणी. सून घरी शाळेचे गणवेश शिवायची, येताना ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असत. काका माझ्यावर बसले की मी बाक राहत नसे, बस होई.

"पुढे सरका, पुढे सरका! मागची मंडळी काय टपावर बसणार?"

"काका, पट्टी पायाला बांधू की तोंडाला?" सिस्टर आतून विचारत.

"पायालाच बांधा. तोंड बरं झालं तर घरच्यांना करमायचं नाही."

पण पट्टी सोडताना सिस्टर हसत नसत. त्यांनी सुनेला बजावले होते, "एकही पट्टी चुकवायची नाही. चुकली तर हा पाय हातचा जाईल. आणि काका, टाच टेकवायची नाही. कोणी राजा आला तरी उठून उभं राहायचं नाही."

काकांनी हे वाक्य फार मनावर घेतले. किती, ते पुढे कळेल.

एका सकाळी मला पुसायला कोणी आले नाही. फडके खिडकीत तसेच वाळत राहिले. सिस्टर झोपेतच गेल्या होत्या.

मग सभा बोलावली गेली. सभागृह गच्च भरले, कारण सिस्टरची सुई न टोचलेला माणूस आमच्या प्रभागात शोधून सापडला नसता. मला वर नेले. माझ्यावर काका बसले, त्यांची सून बसली, कोपऱ्यावरचे वाणीशेठ बसले, एक मास्तर बसले. डावे टोक लोकांनी मोकळे सोडले. नवी सिस्टर कधी येणार, एवढेच विचारायला सून आली होती. तोवर काकांची एक पट्टी चुकून गेली होती.

अध्यक्ष उठले. आवाज भरून आला होता. "आपल्या लाडक्या सिस्टरना आदरांजली म्हणून सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

सगळे सभागृह उठले. माझ्या अंगावरचे ओझे एकदम उतरले, फक्त एक सोडून. काकांनी दोन्ही हातांनी माझी कड धरली, जोर केला, आणि परत बसले. "नाही जमत गं," ते सुनेला कुजबुजले. मग त्या मोकळ्या टोकाकडे बघून म्हणाले, "सिस्टर, माफ करा हं. तुम्हीच टाच टेकवू नका म्हणाला होतात." म्हाताऱ्याचे कान लाजेने लाल झाले होते.

दोन मिनिटे झाली. 'बसा' कोणी म्हणेना. अध्यक्षांनी चिटणिसांना खूण केली, आणि चिटणीस त्याच रडव्या सुरात वाचू लागले. "सिस्टरबाईंच्या निधनाने प्रभागाची कधीही भरून न निघणारी हानी झाली असून, ही सभा जड अंतःकरणाने दुःख व्यक्त करते, त्यांच्या पश्चात दवाखाना चालविणे व्यवहार्य नसल्याने तो या महिनाअखेर बंद करून, सदर जागा दुकानगाळ्यांसाठी देण्यास ही सभा मान्यता देते."

माना खालीच होत्या. मास्तर डोळे पुसत होते. वाणीशेठ दाराकडे, चहाच्या किटलीकडे बघत होते.

"सभा उभी आहे," अध्यक्ष म्हणाले. "ठराव मान्य. बसा."

सगळे बसले. मी करकरलो. मित्रांनो, ते ऐकून माझे खिळे सैल झाले होते!

बसली नाही ती फक्त सून. "थांबा. काय वाचलंत तुम्ही? जरा पुन्हा वाचा."

सभागृहात कोणीतरी दचकले. ते शब्द सिस्टरचे होते. चिटणिसांनी पुन्हा वाचले, या वेळी कोरड्या आवाजात. दुसऱ्या वाचनाला माना वर झाल्या. किटलीवाला दारातच खिळला.

"अहो, आम्ही सिस्टरसाठी उभे होतो!"

"ताई, कोण कशासाठी उभं आहे ते ज्याच्या त्याच्या मनात असतं," अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले. "चिटणिसांना फक्त उभी माणसं दिसतात. तुम्हीसुद्धा उभ्या होतात."

सुनेने स्वतःच्या पायांकडे असे पाहिले, की जणू ते दुसऱ्याच कोणाचे आहेत.

"आणि दडपशाही झाली असं कोणी म्हणू नये," अध्यक्ष पुढे म्हणाले. "विरोधाचीही नोंद घेतली आहे. एक विरोध. हे काका."

"मी?" कंडक्टरकाकांनी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती. "अहो, मी कसला विरोध करतोय? माझा पाय..."

"तुमच्या मताचा आम्ही आदर करतो, काका."

तुम्हाला वाटेल, आता सभागृह पेटले असेल. छे! किटली आत आली. लोक "हे काही बरोबर नाही बुवा" म्हणत होते आणि कप पुढे करत होते. चहा फुकट होता, राग मात्र पदरचा खर्च करून आणावा लागला असता.

चिटणीस मात्र नियमाचे पक्के होते. हळूच म्हणाले, "तरतूद आहे. लोकांनी मागितली तर खास सभा घ्यावी लागते. आज होते तेवढे लोक हजर पाहिजेत, एकही कमी चालणार नाही. मग ठराव फिरवता येतो."

"मागा की," अध्यक्ष हसले. ते का हसले, ते मला तेव्हा कळले नाही. त्यांचा माणसांचा अभ्यास माझ्यापेक्षा दांडगा होता.

सुनेने शिवणयंत्रावर कापड टाकले आणि ती दारोदार फिरली. काय काय शब्द मिळाले तिला! वाणीशेठ म्हणाले, "येणार म्हणजे येणार, वहिनी. दुकान बंद ठेवून येणार." मास्तर म्हणाले, "हा लोकशाहीचा प्रश्न आहे." सून संध्याकाळी पडवीत काकांना हे सांगे, आणि काका म्हणत, "गाडी फुल्ल होणार बघ. उभ्यानं प्रवास करावा लागेल लोकांना."

खास सभेच्या दिवशी मला वर नेऊन पहिल्या रांगेत ठेवले. काका जिना बसून चढले. एक पायरी, दम. आणखी एक पायरी, दम. सून मागून धरून. वर येऊन ते माझ्यावर टेकले आणि सवयीने म्हणाले, "पुढे सरका, पुढे..." आणि बाजूला बघू लागले. सरकायला शेजारी कोणी नव्हते.

खुर्च्या मात्र भरत आल्या होत्या. चिटणिसांनी माणसे मोजली. पुन्हा मोजली. जी कमी पडत होती, ती नेमकी माझ्यावर मावली असती. एक बाकभर माणसे! अध्यक्ष उदारपणे म्हणाले, "थोडं थांबू या. घाई कसली?"

सून खिडकीशी धावली. समोर वाणीशेठ दुकानाच्या दारात उभे होते. मालाची गाडी आली होती.

"शेठ, या ना वर! तुमच्यासाठी अडलंय!"

"आलोच, आलोच!" शेठनी हात हलवला. "तुम्ही सुरू करा!"

सुरू करा म्हणे! त्याच्यावाचून सुरू होणार नव्हते, आणि तो म्हणतो सुरू करा! मास्तर घरी होते. पुढे माझ्यावरच बसून ते सांगत होते, "म्हटलं, एवढे लोक जाणार आहेत, एका माझ्यानं काय फरक पडतो?" मित्रांनो, धक्कादायक गोष्ट ही, की न आलेल्या प्रत्येकाने आपापल्या घरी, एकमेकांना न विचारता, हेच वाक्य म्हटले होते. एवढे एकमत आमच्या सभागृहात कधी झाले नाही.

गणसंख्या भरली नाही म्हणून सभा बरखास्त झाली. अध्यक्षांनी स्वतः काकांना जिना उतरायला हात दिला. हेही मी पाहिले.

महिनाअखेर दवाखान्याला कुलूप लागले. मोठे रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. सून काकांना घेऊन जाई तो दिवस शिवणाचा बुडे. शाळा उघडायची वेळ आली, गणवेशांचा ढीग पडला, एक पट्टी चुकली. मग काकाच म्हणू लागले, "आज राहू दे. गाडीला गर्दी असेल." आणखी एक चुकली. जखम काळी पडली. मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली रेघ मारली आणि पाय कापला.

सगळा प्रभाग हादरला. वाणीशेठ फळे घेऊन गेले. "अरेरे! आधी सांगायचं तरी, वहिनी!" सुनेने फळांची पिशवी घेतली आणि ती यंत्राचे चाक फिरवायला लागली.

आता मी कोपऱ्यावरच्या गाळ्यापुढे असतो. मोबाइलची कव्हरे घ्यायला आलेले लोक माझ्यावर पिशव्या ठेवतात. पाऊस आणि ऊन मी दोन्ही खातो. परवा काका कुबड्या घेऊन आले, माझ्या डाव्या टोकाला बसले. भोकात बोट घालून पाहिले. सिस्टरचा कापूस अजून आहे.

"बघ रे बाका," ते म्हणाले, "आता मला सभेत उभं करून दाखवा म्हणावं. मी कायमचा विरोधी पक्ष!" आणि एकटेच हसले. मी करकरलो, दुसरे मला काय येते?

मित्रांनो, मला रंग नको, वंगण नको. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या तरी सभागृहात माझ्यासारख्याच बाकावर बसाल. सगळे उठले म्हणून उठू नका. आधी म्हणा, जरा पुन्हा वाचा. आणि ज्या दिवशी कोणी खिडकीतून हाक मारेल, त्या दिवशी 'आलोच' म्हणू नका. या. मोकळा बाक किती जड होतो, ते मला विचारा.

राहता राहिला हिशेब. मेहुण्याला गाळा मिळाला, तो त्याने दुसऱ्याला भाड्याने दिला आणि परत सोफ्यावर जाऊन बसला. अध्यक्षांचा चहा पुन्हा गारच झाला. वाणीशेठची मालाची गाडी वेळेवर रिकामी झाली. मास्तरांची दुपारची झोप झाली. प्रभागातल्या प्रत्येकाला एकेक कप चहा मिळाला, तोही साखरेचा.

आणि या सगळ्यांचे तिकीट एकट्या कंडक्टरने भरले.