हिरीबाईच्या अंगठ्याचा अर्ज

मी एक जुना अर्ज आहे. मित्रांनो, आज मला पाहाल तर रद्दी समजाल. पण एकोणीसशे एकतीस साली, किन्हीराजाकडच्या एका खेड्यात, हिरीबाईच्या ओसरीवर मी लिहिला गेलो, तेव्हा कोरा करकरीत होतो.

हिरीबाईच्या पोटरीतून नारू निघत होता. दोऱ्यासारखा तो लांबलचक जंत काडीला गुंडाळून ती रोज बोटभर ओढायची. पेरणी तोंडावर आलेली आणि घरातली तीन माणसे अशीच खाटेवर. गावोगाव देवीची लस टोचत फिरणारे सैफुद्दीन तिच्याजवळ बसले.

"बाई, नारूवाला पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडते, अन् तेच पानी सारे पेतात. पायऱ्या बुजवून कठडा बांधला, रहाट बसवला, का नारू गेलाच समजा."

"मंग सरकार बांधून काहून नाही देत?"

"मागून तं पाहा."

त्यांनी मला लिहिले. खर्च एकशे चाळीस रुपये. हिरीबाईने अंगठा उठवला आणि शाई वाळेपर्यंत मला हातात धरून बसली.

कचेरीतले साहेब वाईट नव्हते. "एका गावाचं आजच मंजूर करीन," ते सैफुद्दीनना म्हणाले. "पण अशा विहिरी एकशे बारा गावांत आहेत. पंधरा हजारांच्या वर जातं. आरोग्याला वर्षाचे मिळतात चार हजार, त्यातच पटकीची औषधं. परवडायचं कसं?"

"दरसाल धा गावं घ्या, साहेब. चौदाशेत होते. अन् पेरणीले जे उठत नाहीत, त्यायची बुडालेली मजुरी कोण्या रकान्यात लिहाची?"

"तसा रकानाच नाही."

साहेबांनी माझ्या कडेला 'परवडते किंवा कसे, विचार व्हावा' असे लिहिले, मला फडक्यात बांधले आणि कपाट बंद केले.

आत श्वास कोंडत होता. माझ्या छातीवर शंभर कागदांचे ओझे चढले. अंदाजपत्रकाच्या दिवसांत दार उघडे, एक हात गाठोडे चाचपे, कोणीतरी म्हणे, "यंदा राहू द्या." ओरडावेसे वाटे, पण कागदाला तोंड कुठले? काही वर्षे माझी चौकशी करणारा सैफुद्दीन यांचा आवाज ऐकू येई. मग त्यांची बदली झाली.

सात वर्षांनी नव्या साहेबांनी मला सोडवले आणि थेट गावात नेले. हिरीबाईने विहीर दाखवली. पायऱ्या बुजलेल्या, भोवती कठडा, वर रहाट.

"कोणी बांधली?"

"आमीच. नदीचे दगड वाह्यले. चुन्यापुरती वर्गणी केली."

"मग अर्ज कशाला केला होता?"

हिरीबाईने मला ओळखले. माझ्यावरच्या अंगठ्यावरून तिने बोट फिरवले.

"तुमी नाही म्हनले असते ना, साहेब, तं आमी तवाच बांधली असती. सरकार देईन म्हनून तीन वर्स वाट पाह्यली. त्यात नारूनं माह्या सुनेचा पाय आखडला तो आखडलाच."

साहेबांनी माझी घडी घातली. परतल्यावर त्यांनी माझ्यावर 'निकाली' असा शिक्का मारला आणि मला पुन्हा कपाटात ठेवले. अजून मी तिथेच आहे.

मित्रांनो, मोठे व्हाल, खुर्चीत बसाल. कोणाचा अर्ज हाती आला आणि देणे परवडत नसेल, तर त्याच दिवशी तोंडावर नाही म्हणा. पण माणसाला वाट पाहत ठेवू नका.