ब्रेकवरचा पाय

दिवे लागायच्या वेळेला गल्ली भरून जाई. पोरं कुंपणावर चढत, म्हातारे घरून खुर्च्या आणत, आणि सगळ्यांचे डोळे वहिनींच्या दारातल्या जुन्या करड्या गाडीच्या मागच्या बाजूला लागलेले असत. गाडीत कुणी नसे. दारं बंद, किल्ली घरात खिळ्याला. तरी अंधारू लागलं की डावीकडचा लाल दिवा फडफडे, विझे, आणि मग लागून राही.

ब्रेक दाबल्याशिवाय तो दिवा लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग दाबतंय कोण, हे मात्र कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. गाडीचा मालक पाणीपुरवठ्यात पंपचालक होता. काही महिन्यांपूर्वी तो झोपेतच गेला होता.

त्याच्या बायकोला सारी गल्ली वहिनी म्हणे. त्या शिवणकाम करत, आणि त्यांचं मशीन गाडीसमोरच्या खिडकीत होतं. दिवा पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांच्या हातातलं कापड सुईखाली तसंच राहिलं. पुढे भीती मोडली. त्या पायरीवर जाऊन बसू लागल्या, हळू आवाजात त्याला सांगू लागल्या की मोरीतला नळ पुन्हा गळतोय, लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागलीय, ती थोड्याच दिवसांत जाईल. त्या थांबल्या की दिवा थरथरे. ऐकतोय, असं त्यांना वाटे.

बातमी फिरत फिरत सावलीबाबा नावाच्या एका बुवांच्या कानावर गेली आणि ते राखाडी शाल पांघरून हजर झाले. हातात पितळी मुठीची काठी. "आत्मा म्हणजे विजेचा थोरला भाऊ," ते गर्दीला म्हणाले. "त्याला तार लागत नाही. हृदय डावीकडे, म्हणून दिवा डावीकडे." उजवीकडचा दिवा मेलेलाच का, याला बाबांच्या शास्त्रात जागा नव्हती.

ते प्रश्न विचारत आणि गाडीच्या पाठीवर काठी आपटत. दिवा लागला तर होकार, विझला तर राग, फडफडला तर रडू. बाबांचं कधी अडलं नाही. शेवटी त्यांनी निकाल दिला. बाप ब्रेकवर पाय रोवून बसलाय, लेकीनं उंबरा ओलांडला तर तिचा घात होईल. आणि गाडी बाबांच्या आश्रमात आणून ठेवायची, म्हणजे आत्मा निवेल.

लेक चिडली, तिनं वाद घातला. पण आईचा चेहरा बघून भरलेली बॅग तिनं रिकामी केली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. ती राहणार म्हणून त्यांना आतून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्यांना धास्ती वाटली.

लेकीनं आत्याला बोलावलं. आत्या डॉक्टर होती, गेलेल्याची सख्खी बहीण. तिनं आल्या आल्या कुणाची टर उडवली नाही. रोग्याला विचारावं तसं विचारलं, कधीपासून, कोणत्या वेळी, कशानं वाढतं, कशानं थांबतं. मग वहिनींजवळ बसून म्हणाली, "वहिनी, माझाही भाऊ होता तो. तो दिसावा असं मलाही वाटतं. म्हणून तर नीट बघायचं."

संध्याकाळी बाबा आले. डॉक्टरबाई अदबीनं म्हणाल्या, "महाराज, काठी माझ्याकडे द्या. प्रश्न तुम्हीच विचारा."

गर्दीसमोर नाही म्हणता येईना. बाबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आवाज चढवला. दिवा ढिम्म हलला नाही, शांतपणे जळत राहिला. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "दोन आणि दोन पाच होतात का?" आणि तळहातानं गाडीच्या पाठीवर थाप मारली. दिवा विझून पुन्हा लागला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

डॉक्टरबाईंनी गाडीचं दार उघडलं, टॉर्च घेऊन वाकल्या. ब्रेकच्या पायपट्टीखाली, पायपुसण्यावर, प्लॅस्टिकचा भुगा पडला होता. त्यांनी वर हात घातला आणि दिवा विझला.

नवरा दुसऱ्यांदा गेला असं वहिनींना वाटलं.

"वहिनी, इकडे या. इथं अंगठा ठेवा."

वहिनींनी वाकून हात आत घातला. पायपट्टीच्या दांड्याजवळ एका बटणाचं टोक लागलं. दाबलं की दिवा विझे, सोडलं की लागे. त्यांनी तीनदा करून पाहिलं.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांना समजावलं. पाय ब्रेकवर नसताना दांड्यावरची एक प्लॅस्टिकची टिकली हे बटण दाबून धरते, म्हणून दिवा बंद असतो. टिकली जुनी होऊन तुटली, बटण सुटलं, गाडीला वाटलं ब्रेक दाबलेलाच आहे; आणि ब्रेकच्या दिव्याला किल्ली लागत नाही. समोरच्या गॅरेजवाल्यानं मागच्या दिव्यांच्या काचा काढून उरलेलं दाखवलं. उजवा बल्ब जळालेला, डाव्याची खोबण गंजलेली. उन्हात पत्रा तापला की तिथला जोड सुटे, गार झाला की चिकटे. धक्क्यानंही तेच होई. आणि लेक रोज सकाळी गाडी चालवून आणायची, म्हणून विजेचा साठा संपत नव्हता.

नवी टिकली बसली, गंज खरवडला, नवा बल्ब लागला. लेकीनं ब्रेक दाबला तेव्हा दोन्ही दिवे लागले, पाय उचलला तेव्हा दोन्ही विझले. आत्मा नास्तिकांना कंटाळून निघून गेला, असं बाबा म्हणाले आणि त्याच्या मागोमाग स्वतःही गेले. त्यांची काठी गॅरेजवाल्यानं धावत जाऊन परत दिली.

गर्दी पांगेना. काळोखात नुसती गाडी उभी होती, आणि वहिनी तिच्याकडे बघत होत्या. मग त्या लेकीला म्हणाल्या, "बॅग भर. एकटं राहायची भीती मला वाटते. मी ती तुझ्या वडिलांच्या पायावर ढकलली."

लेकीनं त्यांचा हात धरला. वहिनी गल्लीकडे वळल्या. "तुम्हालाही सांगते. माझं माणूस गेलं, ते मी रडून सोसेन. पण कुणी उद्या तुमच्या दुःखाचा अर्थ सांगायला आला, तर मान डोलवण्याआधी झाकण उघडून बघा. मन दुखत असतं तेव्हाच डोळे उघडे हवेत, कारण फसवणारा नेमका तेव्हाच येतो."