वीतभर तुरटी

सकाळी साडेनऊला पळीबाई कढईपाशी उभी राहिली. तीस वर्षं तिनं या रंगशाळेत दुसऱ्यांच्या कढया ढवळल्या, म्हणून तर हे नाव पडलं होतं. आज पहिल्यांदाच एक कढई सर्वस्वी तिच्या हवाली झाली होती. सूत भिजून तयार, पाणी कढत, आणि तुरटीचं पोतं उघडावं तर आत भुकटीच्या जागी एकच ठोकळा! वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर उंच.

तुरटीच्या पाण्यात मुरल्याशिवाय सूत लाल रंग धरत नाही. पहिल्याच धुण्यात सगळा वाहून जातो. त्यात अकराला बॉयलर साफसफाईसाठी बंद होणार होता.

"अकराच्या आत सूत पाण्यात गेलं तर कढई तुझी," मुकादम म्हणाला. "नाहीतर उद्या जुने रंगारी रजेवरून येतायत, ते बघतील. तू आहेसच ढवळायला."

पळीबाईनं ठोकळा जाळीच्या टोपलीत घालून कढईत सोडला आणि दंड भरून येईतो ढवळलं. दहाला टोपली वर काढली. ठोकळा जसाच्या तसा, कोपरे तेवढे गोल झालेले.

तेवढ्यात शेजारच्या खेळण्यांच्या कारखान्यातून नणंद तरातरा आत आली. हात कोपरापर्यंत हिरवे.

"वहिनी, वाटीभर हिरवा रंग दे. डोकं फिरायची वेळ आलीय माझं."

"आमचा रंग सुताचा, वन्सं, लाकडाला चालायचा नाही. आणि डोकं तुमचं जागेवर कधी होतं?"

"थट्टा पुरे, ऐक! मागच्या खेपेला वीतभराचे ठोकळे रंगवले, एक डबा बरोब्बर पुरला. या खेपेला तितकेच ठोकळे, फक्त एकेकाचे आठ तुकडे केले. लाकूड तेवढंच ना? तर डबा अर्ध्यातच संपला! मालक म्हणतो, रंग घरी नेलास."

पळीबाईचा हात थांबला. तिनं ओल्या ठोकळ्यावर आपली वीत टेकवली.

"एक बाजू म्हणजे एक चौरस वीत. सहा बाजूंच्या सहा," ती पुटपुटली. "तिन्हीकडून मधोमध कापला की आठ तुकडे. एकेक बाजू पाव. एका तुकड्याच्या सहा पाव, म्हणजे दीड. आठ दिढे..."

"बारा," नणंद म्हणाली.

"बारा! सहाच्या बारा! वन्सं, तुम्ही चोर नाही हो! लाकडाच्या पोटातल्या बाजू उघड्या पडल्या, त्यांनी रंग प्यायला. हातोडी आणा, पळा!"

"अगं पण रंग..."

"आधी हातोडी!"

दोघींनी गोणपाटावर ठोकळा घेतला आणि घाव घालायला सुरुवात केली. आठाचे चौसष्ट झाले, बारा चौरस वितींच्या चोवीस. चौसष्टाचे पाचशे बारा झाले, अठ्ठेचाळीस! अर्थात फुटताना तुरटी काही हिशोबाने फुटत नव्हती, पण जितकी वेडीवाकडी फुटेल तितकं बरंच होतं.

मुकादम दारात उभा राहून हसला. "फोडून तुरटी वाढते की काय गं?"

"तुरटी तेवढीच, मुकादम. पाण्याला चाटायला जागा आठपट झाली."

"अस्सं! मग हे पण विरघळव." त्यानं खिशातला मेणाचा खडा चुरून वाटीभर गरम पाण्यात टाकला.

मेण वितळलं आणि वर तरंगायला लागलं. पळीबाईनं काडीनं कितीही घुसळलं तरी थेंब पुन्हा एकमेकांना बिलगले.

"मेणाचं पाण्याशी जमत नाही," ती म्हणाली. "ते कितीही बारीक करा."

हे ती जन्मभर पाहत आली होती. त्यामागचं कारण असं. पाण्याच्या कणाला दोन टोकं असतात, एकावर जरासा धन विद्युतभार, एकावर जरासा ऋण. तुरटीचे कणही काही धन भाराचे, काही ऋण. पाणी त्यांना चहूबाजूंनी गराडा घालतं आणि एकेक करून ओढून नेतं. मेणाच्या कणाला धरायला तसं काही टोकच नाही. पण पाण्याची ही ओढाओढ चालते ती उघड्या अंगावर. ठोकळ्याच्या आतल्या तुरटीपर्यंत पाणी पोचणार कसं?

टोपली पुन्हा कढईत गेली. तुकड्यांखालून दाट पाण्याचे लवलवते धागे तळाकडे उतरू लागले. भुकटी तर पडता पडताच दिसेनाशी झाली. नणंद काठावर वाकून ओरडत होती, "गेला! तो मोठा पण गेला! वहिनी, ढवळ!"

अकराला सहा मिनिटं कमी असताना पळीबाईनं टोपली उचलली. जाळीतून नुसतं पाणी गळलं. तिनं सुताच्या लडी दांड्यावरून खाली सोडल्या आणि शेवटची लड बुडली तेव्हा बॉयलरची शिट्टी झाली.

मुकादमानं रिकामी टोपली उलटी करून झटकली. मग दारावरच्या पाटीवरचं जुन्या रंगाऱ्याचं नाव तळहातानं पुसलं आणि खडू घेऊन विचारलं, "रंगारीणबाई, नाव काय लिहू? पळी तर नाही ना लिहायचं?"

"मला विचारा ना, मी सांगते," नणंद म्हणाली. "पण रंगारीणबाई, तुम्ही आधी माझ्याबरोबर चला आणि आमच्या मालकाला ते आठ दिढे बारा समजावून द्या!"