पॉइंट पाच

नवं रजिस्टर जुनं दिसायला हवं म्हणून धाकट्या साहेबांनी त्याच्या पुठ्ठ्यावर चहाचा ओला कप ठेवला, जरा दाबला आणि उचलून पाहिलं. गोल डाग छान उमटला होता. मग दुसऱ्या कोपऱ्यात त्यांनी आणखी एक उमटवला.

"एकाच डागानं खरं वाटत नाही," ते म्हणाले. इंजिनिअरिंग शिकून नोकरीला लागल्यापासून इतकं मन लावून त्यांनी केलेलं हे पहिलंच काम असावं.

टेबलाच्या अलीकडे पॉइंटकाका बसले होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथंच. जलशुद्धीकरण केंद्रातले सगळे, अगदी फाटकावरचा वॉचमनसुद्धा, त्यांना पॉइंटकाका म्हणत. एकतीस वर्षं ते इथं ऑपरेटर होते. नदीतून आलेल्या गढूळ पाण्याला तुरटी किती लावायची, फिल्टर कधी धुवायचा, शेवटी क्लोरीन किती सोडायचं ते बघायचं आणि दर तासाला पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते तपासून आकडा लिहायचा. बाकीचे ऑपरेटर तपासणीच्या रकान्यात डोळे मिटून 'पॉइंट पाच' लिहीत, कारण नियमात बसणारा तोच आकडा सर्वांना पाठ होता. काका मात्र कधी पॉइंट चार लिहीत, कधी पॉइंट सहा आणि एखाद्या दिवशी पॉइंट दोन लिहून पुढं 'वाढवलं' असा शेराही मारीत. या हौसेपायी त्यांना हे नाव पडलं होतं.

दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर खिडकीत टेकून उभा होता. त्याला सगळे शिट्टी म्हणत, कारण तो कायम शीळ वाजवत असे. शिट्टी सोमवारी आल्या आल्या अख्ख्या आठवड्याचे आकडे लिहून मोकळा होई. "पाणी काय सोमवारचं वेगळं आणि गुरुवारचं वेगळं असतं?" असं तो विचारी, आणि नदी इतकी वर्षं डोळ्यांसमोर वाहत असूनही त्याला हे खरंच वाटत असे.

"लिहा, काका," धाकटे साहेब म्हणाले. "एक तारखेपासून. प्रत्येकानं आपापल्या पाळीचं लिहायचं, अक्षर बदलायला नको. फक्त सहा तारखेला ते जे तुम्ही लिहून ठेवलंय, ते नको."

ते जे होतं, ते जुन्या रजिस्टरात काकांच्या टपोऱ्या अक्षरात असं होतं: 'दुपारी २.१०. क्लोरीन शून्य. सिलिंडर संपला. नव्याचा वॉल्व्ह अडकला. साहेबांना फोन केला. पुरवठा बंद करू का विचारलं. नको म्हणाले. २.५० ला सुरळीत.' खाली सही.

त्या दुपारी फोनवर धाकटे साहेब नुसतं नको म्हणाले नव्हते. "खालच्या वस्तीला आधीच दिवसाआड पाणी," असं म्हणाले होते. "आज बंद केलंत तर सगळी वस्ती माझ्या दारात येईल. चाळीस मिनिटांनी कोणी मरत नाही, काका." खालच्या वस्तीची पाइपलाइन गटाराच्या पोटातून जाते आणि तिथं गळते, हे साहेबांना माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. पाण्यात क्लोरीन असेपर्यंत आत शिरलेली घाण मरत होती आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं. त्या दिवशी चाळीस मिनिटं पाणी नुसतंच गेलं. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांची रांग लागली. तेवीस जण. त्यात चार वर्षांची एक मुलगी होती, ती सहाव्या दिवशी गेली.

आता चौकशी समिती येणार होती.

"साहेब, मी जसं झालं तसं लिहिलंय," काका म्हणाले.

"म्हणूनच तर पंचाईत आहे. समिती काय वाचेल? बाकीच्या दोन पाळ्यांत महिनाभर पॉइंट पाच. शून्य फक्त एकदा, आणि ते तुमच्या पाळीत. सही तुमची."

"पण त्या पाळ्यांचे आकडे तर..."

"खोटे आहेत. मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक आहे का?"

शिट्टीनं खिडकीबाहेर पाहिलं.

"मी फोन केला होता तुम्हाला."

"केला होता ना. त्यावर मी काय बोललो, ते तुमच्याच अक्षरात आहे." साहेबांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी म्हणेन, बंद करा म्हटलं होतं. मग?"

मग काय, हे काकांना आदल्या संध्याकाळीच, नव्या रजिस्टरचा निरोप आल्यावर, घरी ऐकायला मिळालं होतं. त्यांच्या बायकोनं भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि विळी बाजूला सारली.

"पाच महिने राहिलेत तुमचे," ती म्हणाली. "एकतीस वर्षं खरं लिहिलंत, कोणी पाठीवर हात तरी ठेवला का? आता या वयात दोषी ठरून घरी बसणार? शेजारीपाजारी काय म्हणतील, पोरगी मारली म्हणून काढलं?"

"पण खरं ते..."

"अहो, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून ती पोर परत येणार आहे का?"

उत्तर नसलेला प्रश्न विचारला की समोरचा गप्प बसतो आणि विचारणाऱ्याला वाटतं, पटलं. काकांनाही रात्रभर वाटत राहिलं की आपल्याला पटलंय.

त्यांनी पेन उघडलं. एक तारीख, सकाळी सात. पॉइंट पाच. आठ, पॉइंट पाच. नऊ, पॉइंट पाच.

"काका, अहो काय हे!" शिट्टी टेबलाजवळ आला. "तुमच्या पाळीत सगळीकडे पॉइंट पाच ठोकू नका, संशय येईल. मधेच एखादं पॉइंट चार टाका. दुपारकडे पॉइंट सहा. तुमचं कसं असतं, तसं."

माझं कसं असतं ते तपासल्यावर कळतं, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी पॉइंट चार लिहिलं. पुढं पॉइंट सहा. दोन-तीन पानं झाल्यावर हात सरावला. सहा तारखेला दुपारी दोन वाजता पॉइंट पाच आणि तीन वाजता पॉइंट पाच होतं, मधे काहीच नव्हतं. स्वतःच्या अक्षराची काकांना त्या दुपारी पहिल्यांदा किळस आली. जुनं रजिस्टर साहेबांनी आपल्या बॅगेत घातलं. "हे मी बघतो," ते म्हणाले.

समितीत तिघं होते. त्यांनी टाक्या पाहिल्या, फिल्टर पाहिले, चहा घेतला आणि रजिस्टर चाळलं. त्यातले सगळ्यात म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "इतकं नीटनेटकं रजिस्टर हल्ली बघायला मिळत नाही हो." धाकट्या साहेबांनी काकांकडे बोट दाखवलं. "आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांचंच वळण." म्हाताऱ्या गृहस्थांनी काकांशी हात मिळवला. एकतीस वर्षांत काकांच्या आकड्यांचं झालेलं ते पहिलं कौतुक.

अहवाल चारच दिवसांत आला. केंद्रातून सुटणारं पाणी निर्दोष होतं, सबब पाणी वस्तीतल्या घराघरांत अस्वच्छ भांड्यांत साठवल्यामुळं दूषित झालं. पाइपलाइन उकरायचं मग कारणच उरलं नाही. आरोग्यखात्याच्या बायका वस्तीत घरोघरी गेल्या आणि पिंप कसं घासावं, झाकण कसं ठेवावं, हे शिकवून आल्या. गटाराच्या पोटातली लाइन होती तशीच गळत राहिली. इतकं होईल हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण एक ओळ गाळली, एवढंच त्यांना वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात, सकाळी दहाची तपासणी आटोपते न आटोपते तोच वॉचमन एका बाईला घेऊन आला. तिशीच्या आतबाहेरची, कारखान्यातला निळा अ‍ॅप्रन अंगावर तसाच. कामावरून तासभर सुट्टी मागून आली होती.

"तुम्हीच का पाणी तपासणारे?" तिनं विचारलं. "गेली ती मुलगी माझी."

काका उठून उभे राहिले. स्टूल पुढं केलं, पण ती बसली नाही.

"त्या बायका आल्या होत्या. म्हणाल्या, पिंप नीट धूत नसशील. मी धुते हो. एक दिवसाआड पाणी येतं, त्याच्या आधी धुतेच. पण आता वाटतं, एखाद्या दिवशी राहिलंही असेल. कामावरून दमून येते ना." ती थांबली. "सासूबाई तोंडानं काही बोलत नाहीत. पण तेव्हापासून माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. स्वतः उठून घेतात."

तिनं पिशवीतून एक बाटली काढली. लहान मुलं गळ्यात अडकवतात तसली, लाल पट्ट्याची. तळाशी चार बोटं पाणी होतं.

"सहा तारखेला नळ आला तेव्हा ही सरळ नळाखाली धरून भरली होती. पिंपातलं नाही हे. ती एवढं ठेवून गेली, मी टाकलं नाही. तुम्ही तपासून सांगा. हे वाईट असलं तर मग माझं नाही ना काही?"

या तपासणीला काही अर्थ नव्हता. असलेलं क्लोरीनही इतक्या दिवसांत उडून जातं, बाटलीतलं पाणी आता काहीच सांगणार नव्हतं. जे सांगू शकलं असतं ते जुनं रजिस्टर साहेबांच्या बॅगेतून कधीच कुठंतरी गेलं होतं, आणि त्यातली ओळ सांगू शकणारे आता काकाच उरले होते. पण नको म्हणायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी काचेची स्वच्छ नळी घेतली, तिच्यात बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि औषधाचे थेंब सोडले. या थेंबांनी क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. पिवळं झालं की पाणी पिण्याजोगं. रंग आला नाही तर त्या पाण्याचा भरवसा नाही.

बाई नळीवर डोळे लावून उभी होती. शेजारच्या स्टँडवर काकांनी दहा वाजता तपासलेल्या पाण्याची नळी होती, चांगली पिवळी.

"हे कुठलं हो असं घाण?" तिनं विचारलं.

"ते... ते दुसरं," काका म्हणाले.

तिच्या नळीतलं पाणी तसंच राहिलं. तिनं वाट पाहिली. वाकून पाहिलं. कुठं पिवळेपणाची झाक दिसतेय का, ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"नाही आला रंग," ती हळूच म्हणाली. "म्हणजे नळाचं चांगलंच होतं."

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. बाई, उलटं आहे. तुझं काही चुकलं नाही. काकांनी तोंड उघडलंसुद्धा. शेजारच्या पंपाच्या खोलीत, त्या दिवशी लवकर आलेल्या शिट्टीची इतका वेळ शीळ चालू होती, ती थांबली होती.

"हो," काका म्हणाले. "चांगलं होतं."

तिनं मान हलवली. रडली नाही. कोणी हिशेब समजावून सांगावा आणि तो बरोबर निघावा, तशी हलवली.

"बरं झालं विचारलं ते," ती म्हणाली. "उगाच इथल्या माणसांना मनात नावं ठेवत होते मी." मग बाटलीकडे पाहून तिनं विचारलं, "इथं नळ आहे का? धुऊनच नेते. धाकट्याला होईल."

काकांनी बेसिन दाखवलं. तिनं उरलेलं पाणी ओतून टाकलं. नळ्या धुवायचा साबण मागून घेतला, बारीक ब्रश मागून घेतला. एकदा धुतली, हुंगून पाहिली, पुन्हा धुतली. झाकणाच्या आट्यांमधून नख फिरवलं. पट्टा घासला. तिसऱ्यांदा धुतली आणि खिडकीच्या उजेडात काकांसमोर धरली.

"बघा हो, काका. तुम्हाला यातलं कळतं. आता तरी नीट निघाली का?"

काकांनी बाटली हातात घेतली. आतून पाहिली, तळ पाहिला, झाकण पाहिलं. डोळ्यांसमोरचं नीट दिसत नव्हतं म्हणून पुन्हा एकदा पाहिली.

"निघाली," ते म्हणाले.

तिनं बाटली घेतली, आत पाणी राहू नये म्हणून उपडी धरली आणि तशीच निथळत ठेवून फाटकापर्यंत चालत गेली.