ओइंग टू हिज ओन फॉल्ट

काशम्मानं कागद माझ्यापुढं धरला. "मास्तर, यावर ह्यांचा अंगठा लावून आणा म्हंत्यात गिरणीवाले. काय लिवलंय बगा की."

तिचा नवरा कल्लप्पा शेजारच्या ओट्यावर बसून होता, उजव्या हाताला फडकं. गेल्या शनिवारी गिरणीत सूत कातायच्या साच्यात त्याची दोन बोटं गेली. शनिवारी साचे पुसायचे असतात, पण त्या गिरणीत ते बंद करून पुसत नाहीत. बंद केले की सूत कमी निघतं. म्हणून जॉबरच, म्हणजे खात्यातला मुकादमच, हुकूम सोडतो, झाकण काढ आणि चालू साचा पूस.

मी कागद वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कल्लप्पानं हुकूम मोडून झाकण काढलं, 'ओइंग टू हिज ओन फॉल्ट' त्याची बोटं गेली! 'ओइंग टू' म्हणजे 'च्यामुळे'. कशामुळे? तर म्हणे त्याच्याच चुकीमुळे. अंगठा उमटला की भरपाई बुडाली.

"अंगठा लावू नका," मी म्हणालो. "काशम्मा, तू चल माझ्याबरोबर गिरणीच्या कचेरीत."

कागद लिहिणारा कारकून निघाला श्रीमंत नावाचा. माझाच जुना विद्यार्थी, इंग्रजीत पहिला येणारा. त्याला बघून मी आणखीच भडकलो.

"लाज नाही वाटत? हुकूम कुणाचा होता, ठाऊक नाही तुला?"

"आहे, सर."

"मग हे इंग्रजी कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच." तो खाली मान घालून बोलत होता. "आई गेली तेव्हा मी चार दिवस शाळेत नव्हतो. तुम्ही कारण विचारलं नाही. फळ्यावर लिहिलंत, 'आय वॉज अ‍ॅब्सेंट ओइंग टू माय ओन फॉल्ट', आणि शंभरदा लिहायला लावलंत. सगळ्यांनाच लावायचात."

खरं होतं. कुणी तापानं पडो, कुणाचा बाप मरो, गैरहजर पोरानं हेच वाक्य लिहायचं, हा माझा तीस वर्षांचा शिरस्ता. शिस्त म्हणे! आग लागो त्या शिस्तीला. आता संताप श्रीमंतवर काढायची सोय उरली नव्हती.

मी त्याच्याच टेबलावरून कोरा कागद ओढला. जॉबरच्या हुकमामुळे झाकण काढलं, चालू साच्यामुळे बोटं गेली, असं दोनदा 'ओइंग टू' घालून लिहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

"आणखी एक सही लागती व्हय?" काशम्मानं विचारलं.

"लागते. आतल्या माणसाची."

"नोकरी जाईल, सर," श्रीमंत म्हणाला.

"जाईल. आणि ती तुझ्या चुकीमुळे गेली नसेल."

त्यानं दाराकडं पाहिलं, टाक दौतीत बुडवला आणि सही केली. मला त्याच्याकडं बघवेना.

"आई कशानं गेली रे?" मी विचारलं. बारा वर्षं उशिरा.